मनाचे वैद्य कोठें घडतात?

परीक्षांचे निकाल लागले कीं आमच्या मध्यम वर्गाच्या घरोघर एकच चर्चा सुरू होते: मुलानें किंवा मुलीनें पुढें काय शिकावें? या प्रश्नाचीं उत्तरें पूर्वीं ठरलेलीं असत. वैद्यक, इंजिनिअरिंग, फार तर कायदा. अलीकडे त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. मुलगी सांगते, "मला मानसशास्त्र घ्यावयाचें आहे, मला लोकांना मदत करावयाची आहे." आईबापांचा पूर्वींचा विरोधहि आतां बराच मावळला आहे. शाळांत, कचेऱ्यांत, रुग्णालयांत हल्लीं समुपदेशक लागतात, हें त्यांनींहि कोठेंसें ऐकलेलें असतें. मुलीच्या या इच्छेंत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दुसऱ्याचें दुःख हलकें करावें असें अठराव्या वर्षीं वाटणें हें ज्या समाजाला शुभ लक्षण वाटत नाहीं, त्याचें मन कोडगें झालें आहे असें समजावें. माझें भांडण त्या इच्छेशीं नाहीं. त्या इच्छेचें भांडवल करून फी वसूल करणाऱ्या, आणि तिला जें द्यावयास पाहिजे नेमकें तेंच न देणाऱ्या, आमच्या विद्यापीठीय व्यवहाराशीं आहे.

गेलीं सव्वीस वर्षें मी हा विषय कॉलेजांत शिकवीत आहें. तेव्हां विषयाविषयींच्या आकसानें मी लिहितों असा संशय कोणी घेऊं नये. माझें म्हणणें थोडक्यांत असें: मानसशास्त्राची पदवी ही विद्या आहे, अधिकार नव्हे. मनाची चिकित्सा करण्याचा अधिकार जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, खऱ्या रुग्णासमोर बसून केलेल्या उमेदवारींतूनच येतो. आमचीं बहुसंख्य कॉलेजें विद्या देतात आणि अधिकार दिल्याचा भास निर्माण करतात. या भासाची किंमत प्रथम विद्यार्थी देतो; आणि नंतर, त्याहून फार मोठी, रुग्ण देतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहूं. कॉलेजांच्या माहितीपत्रकांत 'पुढील संधि' अशा मथळ्याखालीं 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हा शब्द बहुधा अग्रभागीं असतो. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें या शब्दाची व्याख्या करून ठेवली आहे, आणि नुसती एम्. ए. ची पदवी तींत बसत नाहीं. भारतीय पुनर्वास परिषदेनें मान्य केलेल्या संस्थेची या विषयांतील पात्रता तरी पाहिजे, किंवा एम्. ए. नंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम्. फिल्. अभ्यासक्रम, आणि त्यांत देखरेखीखालील रुग्णसेवेचें शिक्षण, झालेलें पाहिजे. ही परिषद १९९२ च्या कायद्यान्वयें अस्तित्वांत आली. तिच्या नोंदवहींत नांव नसतां हा व्यवसाय करणें त्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. म्हणजे बी. ए. चीं तीन आणि एम्. ए. चीं दोन अशीं पांच वर्षें खर्चून विद्यार्थी ज्या दारापाशीं येतो तें दार बंद असतें, आणि तें उघडण्यास आणखी दोन वर्षें लागतात. हें त्याला पहिल्या दिवशीं सांगणारा क्वचितच भेटतो. त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या जागा इतक्या थोड्या कीं अर्ज करणाऱ्यांपैकीं बहुतेकांस परत फिरावें लागतें. त्यांतच विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नियमावलीनें एम्. फिल्. ही पदवीच बंद केली. आणि मग अडचण ध्यानांत आल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजी व मनोविकार-समाजकार्य या दोन विषयांपुरती तिला २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. जिना चढणाऱ्याच्या पायाखालची पायरी काढावी आणि तो ओरडल्यावर ती तात्पुरती परत बसवावी, याला शैक्षणिक धोरण म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें!

दुसरा प्रकार याहून विलक्षण. कित्येक वर्षें हा विषय आपल्याकडे दूरस्थ पद्धतीनें शिकविला जात होता. पुस्तकें घरीं यावीं, प्रश्नांचीं उत्तरें लिहून धाडावीं आणि शेवटीं पदवी मिळावी. केवळ ज्ञानाची आवड म्हणून कोणी असें शिकत असेल तर त्याला माझा आक्षेप नाहीं. उलट त्याचें मला कौतुकच वाटतें. परंतु याच पदवीच्या बळावर पाट्या लागत होत्या. अखेरीस २०२५ सालीं आयोगानें मानसशास्त्रासह आरोग्याशीं संबंधित विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीनें शिकविण्यास मनाई केली. निर्णय योग्यच आहे. पण त्यानें एक अवघड प्रश्न आमच्यासारख्यांच्या दारांत आणून ठेवला आहे: ज्या कॉलेजांत विद्यार्थी रोज येऊन बसतो, तेथें तरी तो रुग्णाजवळ जातो काय?

बहुतेक ठिकाणीं जात नाहीं. आमची प्रयोगवही पाहावी. दोन रेषांपैकीं लांब कोणती दिसते, निरर्थक शब्दांची यादी कितव्या वाचनाला पाठ होते, दिवा लागल्यावर बोट किती वेळानें हलतें, हे प्रयोग मुलें एकमेकांवरच करतात. त्यांची शास्त्रीय किंमत मी कमी लेखीत नाहीं. निरीक्षण म्हणजे काय आणि अनुमान म्हणजे काय, हें त्यांतूनच कळतें. पुढें एम्. ए. ला कांहीं आठवड्यांची 'इंटर्नशिप' असते. ती पुष्कळ ठिकाणीं कोपऱ्यांत खुर्ची टाकून बसण्याची आणि शेवटीं प्रमाणपत्र घेऊन येण्याची असते. ज्याच्या हातीं मनाची जखम द्यावयाची, त्यानें पांच वर्षांत एकहि जखम स्वतः बांधलेली नसते.

याचा परिणाम काय होतो तें एका उदाहरणानें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझी एक जुनी विद्यार्थिनी, एम्. ए. ला पहिल्या वर्गांत आलेली, एका तालुक्याच्या गांवीं समुपदेशन केंद्र चालवूं लागली होती. एके रात्रीं तिचा फोन आला. दुपारीं आलेल्या एका तरुणानें 'आतां कशांतच राम उरला नाहीं' असें म्हटलें होतें. तिनें त्याला धीर दिला, दीर्घ श्वसनाचा व्यायाम सांगितला आणि पुढच्या आठवड्याची वेळ देऊन घरीं पाठविलें. संध्याकाळपासून तिच्या जिवाला चैन नव्हतें. ती म्हणाली, "सर, आत्महत्येचीं कारणें मीं परीक्षेंत दहा गुणांसाठीं लिहिलीं आहेत. पण समोर माणूस बसला असतां 'तुमच्या मनांत जीव देण्याचे विचार येतात का' हें सरळ विचारावें कीं विचारूं नये, हेंच मला ठाऊक नाहीं." सुदैवानें त्याच रात्रीं त्या तरुणाच्या घरच्यांना गांठतां आलें, आणि दुसऱ्या दिवशीं जिल्ह्याच्या रुग्णालयांत त्याचे उपचार सुरू झाले. परंतु दैव हा कांहीं शिक्षणपद्धतीचा भाग नव्हे.

असा प्रश्न सरळ विचारावा, विचारल्यानें तो विचार नव्यानें डोक्यांत शिरत नाहीं, उलट कोंडलेल्या बोलण्याला वाट मिळते, हें या शास्त्राला आज चांगलें ठाऊक आहे. पुस्तकांतहि तें सांपडेल. परंतु पुस्तकांतलें वाक्य आपल्या तोंडून वेळेवर निघावें यासाठीं तें एकदां दुसऱ्या अनुभवी माणसाच्या तोंडून, खऱ्या रुग्णासमोर, ऐकलेलें असावें लागतें. आणि मग दहा वेळां आपण तें उच्चारलें असतां कोणी तरी शेजारीं बसून आपलें चुकलें कोठें हें सांगावें लागतें. अशा गोष्टी कितीतरी आहेत. एखादी स्त्री थकवा, उदासी, कशांतच लक्ष लागत नाहीं, अशी तक्रार घेऊन येते. तिचें दुःख सासरच्या जाचाचें असेल, किंवा तिच्या गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि मंदावलेली असेल. रक्ताची तपासणी न करवितां तिचें मन उकलीत बसणारा तिचे महिने वाया घालवितो. एखादा पुरुष खिन्न होऊन येतो. मागें केव्हां तरी तो कित्येक दिवस झोंपेवांचून उत्साहानें फुललेला, भरमसाट पैसे उधळणारा असा होता काय, हें विचारण्याचें ज्याला सुचत नाहीं, त्याला समोरचा विकार कोणता हेंच कळत नाहीं. आपलें काम कोठें संपतें आणि डॉक्टरांचें कोठें सुरू होतें, ती सीमा ओळखणें हें या व्यवसायाचें अर्धें शहाणपण आहे. तें व्याख्यानांनीं येत नाहीं.

ही मागणी नवी नाहीं, आणि परकीहि नाहीं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शिष्यानें मनुष्याच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वीं भोपळा, काकडी अशा फळांवर छेदनाचा सराव करावा असें सांगितलें आहे. आधुनिक काळांत प्रयोगशालेय मानसशास्त्राचा आरंभ १८७९ सालीं लाइपझिग येथें वुंट याच्या प्रयोगशाळेपासून मानतात. पण त्याच वुंटचा शिष्य लाइटनर विटमर यानें १८९६ सालीं फिलाडेल्फियाच्या विद्यापीठांतच दवाखाना उघडला. कारण एका शिक्षिकेनें, ज्याला अक्षरें जुळवून शब्द लिहितां येत नव्हते असा एक मुलगा त्याच्यासमोर आणला, आणि या मुलाला जर आपलें शास्त्र मदत करूं शकत नसेल तर त्याचा उपयोग काय, असा प्रश्न त्याला पडला. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठानें १९१६ सालीं मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला. त्या विभागाशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें ते गिरींद्रशेखर बोस हे मूळचे डॉक्टर. त्यांनीं १९२२ सालीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली, आणि १९३३ सालीं कारमायकेल मेडिकल कॉलेजांत मनोरुग्णांसाठीं बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला तोहि त्यांच्याच पुढाकारानें. वर्ग आणि दवाखाना हे एकाच माणसाच्या ठायीं नांदत होते. पुढें १९४९ सालीं अमेरिकेंत बोल्डर येथें भरलेल्या परिषदेनें तर स्पष्टच ठरविलें कीं, या व्यवसायाचा माणूस संशोधनांत आणि रुग्णसेवेंत असा दोन्हींकडे घडलेला असावा. बंगळूर येथें १९५४ सालीं अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, आणि आज 'निम्हान्स' या नांवानें ती जगाला ठाऊक आहे. तेथेंहि शिक्षण रुग्णालयाच्या आवारांतच ठेवलें गेलें. मार्ग दिसत होता. आमच्या विद्यापीठांनीं मात्र वर्ग वाढविले आणि दवाखान्याचा विसर पडूं दिला.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप पाहूं. पहिला आक्षेप माझ्याच व्यवसायबंधूंचा आहे. ते म्हणतात, विद्यापीठ म्हणजे कारागिरीची शाळा नव्हे. मानसशास्त्र हें ज्ञानासाठीं शिकावयाचें. हें मला मान्य आहे. स्मृति फसते कशी हें ज्याला कळतें तो चांगला न्यायाधीश होईल. मूल खोटें बोलतें तें कां हें जिला कळतें ती चांगली शिक्षिका होईल. एवढ्यासाठीं कोणी हा विषय घेतला तर त्याचीं वर्षें फुकट गेलीं असें मी मुळींच म्हणणार नाहीं. मग हेंच माहितीपत्रकांत लिहा! तेथें व्यवसायाचें आमिष दाखवावयाचें आणि जाब विचारला कीं शुद्ध ज्ञानाच्या गाभाऱ्यांत शिरावयाचें, हें प्रामाणिकपणाचें नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देशांत गरज एवढी मोठी असतां तुम्ही दारें कसलीं बंद करतां? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत, बारा राज्यांतील प्रौढांपैकीं शंभरांत सुमारें १०.६ जण त्या वेळीं कोणत्या ना कोणत्या मनोविकारानें ग्रस्त असल्याचें दिसलें, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचारच मिळत नव्हते. अशा वेळीं अर्धशिक्षित मदतहि कांहींच नसण्यापेक्षां बरी नव्हे काय? या आक्षेपाच्या पुष्टीसाठीं आपल्या शेजारच्या गोव्याचें उदाहरण हटकून दिलें जातें. 'संगात' या संस्थेनें तेथील प्राथमिक आरोग्यकेंद्रांत, मानसोपचाराचें कसलेंहि पूर्वशिक्षण नसलेल्या सामान्य माणसांकडून, तीव्र औदासीन्यानें ग्रासलेल्या रुग्णांवर थोड्या भेटींचा एक साधा उपचार करविला. त्याचे निष्कर्ष २०१७ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, आणि तो उपचार गुणकारी ठरला. झालें! पदवीवांचून जर हें होतें, तर पदवीधराला अडवावयाचें कशाला?

मी हें उदाहरण आनंदानें स्वीकारतों, कारण तें माझ्या बाजूचें आहे. त्या सामान्य माणसांना वाऱ्यावर सोडलेलें नव्हतें. त्यांना निवडून घेतलें होतें. एकच नेमका उपचार शिकविला होता. सहा ते आठ भेटींची मर्यादा घालून दिली होती. त्यांचें काम नियमितपणें तपासलें जात होतें. आणि अवघड रुग्ण कोणाकडे धाडावयाचा हें ठरलेलें होतें. म्हणजे पदवी नसलेला पण देखरेखीखालीं तयार झालेला माणूस उपयोगी पडला. याच्या उलट, पदवी असलेला पण कोणाच्याहि देखरेखीखालीं न बसलेला माणूस आमचीं कॉलेजें दरवर्षीं बाहेर पाठवितात. गोव्यानें जें सिद्ध केलें तें हें कीं, रुग्णाला बरें करतांना कामास येते ती शिस्त. पदवीचा कागद नव्हे. आणि गरज मोठी आहे म्हणून शिस्त सोडावी, हा युक्तिवाद विहीर दूर आहे म्हणून गढूळ पाणी पाजण्यासारखा आहे.

तिसरा आक्षेप असा कीं, परवाने आणि नोंदवह्या यांनीं व्यवसायाची मिरासदारी तयार होते. ही भीति निराधार नाहीं. १९२६ सालीं व्हिएन्नांत थिओडोर राईक या डॉक्टर नसलेल्या विश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप आला, तेव्हां फ्रॉइडनें त्याच्या बचावासाठीं एक पुस्तकच लिहिलें. पण त्याचा मुद्दा नीट पाहावा. मनोविश्लेषकास वैद्यकीची पदवी असलीच पाहिजे, हें त्यानें नाकारलें. शिक्षण नको असें त्यानें कोठेंहि म्हटलें नाहीं. उलट जो आवश्यक तयारीवांचून उपचार करतो तो वैदू, मग तो पदवीधर डॉक्टर कां असेना, असें त्याचें सांगणें होतें. मीहि मिरासदारीचा पुरस्कर्ता नाहीं. जागा वाढवा, दहापट वाढवा. पण ज्या वाढवाल त्या रुग्णालयाच्या शेजारीं वाढवा.

हें आपल्याला अशक्य आहे काय? एम्. बी. बी. एस्. झालेल्या मुलास एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी केल्यावांचून डॉक्टर म्हणून कायमची नोंदणी मिळत नाहीं, आणि त्या वर्षांत त्याला विद्यावेतन मिळतें. इंग्लंडांत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होणारा विद्यार्थी तीन वर्षांच्या डॉक्टरेटच्या काळांत सरकारी आरोग्यसेवेचा पगारी उमेदवार असतो, नुसत्या बी. ए. च्या बळावर तेथें कोणी ती पदवी नांवापुढें लावूं लागला तर तो कायद्याच्या कचाट्यांत सांपडतो. महाराष्ट्रांत ठाणें, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथें सरकारी मनोरुग्णालयें आहेत. सरकारी मेडिकल कॉलेजांत मनोविकारांचे विभाग आहेत. तेथील डॉक्टरांना रुग्णांपुढें मान वर करण्यास फुरसत नाहीं, आणि तेथून थोड्या अंतरावरील आमच्या वर्गांत चाळीस उत्साही मुलें मनोविकारांच्या व्याख्या पाठ करीत असतात! या दोहोंमध्यें पूल बांधावा असें कोणाला वाटत नाहीं. कारण पुलाला खर्च येतो, आणि वर्गाला फी येते.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली: प्रत्येक माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, या पदवीनें चिकित्सेचा अधिकार मिळत नाहीं हें वाक्य छापावें. दुसरी: जें विद्यापीठ व्यवसायाचें नांव घेऊन अभ्यासक्रम काढील, त्यानें आधीं एखाद्या रुग्णालयाशीं करार करावा, तेथें विद्यार्थ्यानें किती तास, किती रुग्णांसमवेत आणि कोणाच्या देखरेखीखालीं काम केलें याची नोंद ठेवावी, आणि त्या काळांत त्याला विद्यावेतन द्यावें, नाहीं तर हा व्यवसाय केवळ श्रीमंतांच्या मुलांचा होऊन बसेल. तिसरी मागणी आम्हां प्राध्यापकांकडे आहे. जो हा विषय व्यवसाय म्हणून शिकवितो त्यानें स्वतः आठवड्यांतून एक दिवस तरी रुग्णांत बसावें. पाण्यांत न उतरलेल्यानें पोहणें शिकवूं नये.

वाचकांकडेहि दोन शब्द. मुलीची फी भरण्यापूर्वीं कॉलेजाच्या प्रमुखांना एवढेंच विचारा: "येथें रुग्ण कोठें भेटतात, आणि तेव्हां तिच्या शेजारीं कोण बसतें?" उत्तर मिळालें तर तिला निर्धास्त धाडा. न मिळालें तरी ज्ञानासाठीं धाडण्यास हरकत नाहीं, पण काय मिळणार नाहीं हें तिला आजच सांगा. आणि घरांतल्या कोणाचें मन बिघडलें असतां क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावणाऱ्याकडे जाल, तेव्हां पाटीवरचीं अक्षरें न मोजतां त्याचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. जो खरा शिकलेला असेल त्याला या प्रश्नाचा राग येणार नाहीं. डॉक्टरला, वकिलाला, किंबहुना गाडी चालविणाऱ्यालाहि आपण परवाना विचारतों. मन हें त्यांहून स्वस्त आहे, असें तर आपलें मत नाहीं ना?